नेटिव्ह केलं, तरी प्रोग्राम तिथंच! पीएल/एसक्यूएल कंपाइल करताना या चुका टाळा

गाळप सुरू झालं की लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या कारखान्यांच्या संगणक विभागात रात्री दिवे चालूच असतात. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्यामुळं पंधरवड्याचं ऊसबिल रात्रीतून निघायलाच पाहिजे. मी अशाच एका कारखान्याचं ओरॅकल डेटाबेसचं काम बघत होतो, तेव्हा शेतकी विभागातले काका सकाळी दारात उभे राहून विचारायचे, "सर, निघालं का हो बिल? का आणखी चालायलंयच?"

चालायलंच होतं. बिलाचा प्रोग्राम पीएल/एसक्यूएलमध्ये, म्हणजे ओरॅकलच्या आतच चालणाऱ्या भाषेत लिहिलेला. मग कुणीतरी सुचवलं, कोड नेटिव्ह करून टाका, पळायला लागेल. केलं. फरक पडला तो घड्याळात नीट दिसतही नव्हता. त्यानंतर महिनाभरात जे कळलं, ते इथं लिहितो.

आधी इंटरप्रिटेड आणि नेटिव्ह या दोन्हींत फरक काय, ते बघू. आमच्याकडं जुन्या घरांतून निजामकाळचे उर्दू दस्तऐवज निघतात. वाचता येत नाहीत, म्हणून दर खेपेला एखाद्या जाणत्याकडं जायचं, तो ओळ ओळ वाचून सांगणार. इंटरप्रिटेड कोडचं तसंच आहे. कंपाइल झाल्यावर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्रासाठी तयार केल्यावर, प्रोसिजरचा (नाव दिलेल्या प्रोग्रामचा) एक मधला कोड तयार होतो आणि प्रत्येक वेळी ओरॅकलचं पीएल/एसक्यूएल इंजिन तो वाचत वाचत चालवतं. नेटिव्ह म्हणजे दस्तऐवज एकदाच मराठीत उतरवून घेणं: प्रोसेसरला थेट समजणारा मशीन कोड बनतो, मधला वाचणारा जातो. पण दस्तऐवजात 'शेजारच्या गावच्या तलाठ्याला विचारून या' असं लिहिलं असेल, तर तो हेलपाटा मराठीतही चुकत नाही. माझं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

एसक्यूएलच्या वेळेचं खापर पीएल/एसक्यूएलवर

आमचा कोड असा होता: काट्याची एक एक स्लिप लूपमध्ये घ्यायची, तिचा दर दुसऱ्या टेबलातून आणायचा, सोसायटीची कपात तिसऱ्यातून, आणि शेवटी एक अपडेट. हजारो स्लिपा, आणि प्रत्येक स्लिपेमागं पीएल/एसक्यूएल इंजिनमधून एसक्यूएल इंजिनमध्ये तीन-तीन उड्या. एसक्यूएल म्हणजे टेबलातला डेटा मागायची आणि बदलायची भाषा. नेटिव्ह कंपाइलनं तिचं वाक्य तसूभरही वेगानं धावत नाही आणि या उड्याही कमी होत नाहीत. वेग वाढतो तो निव्वळ गणिताचा, लूपचा, इफ-एल्सचा, स्ट्रिंगांच्या काटछाटीचा.

म्हणून आधी मोजा. ओरॅकलच्या ११जी आवृत्तीपासून डीबीएमएस_एचप्रॉफ हा प्रोफायलर, म्हणजे वेळ कुठं गेला ते मोजणारं साधन, मिळतो. तो एसक्यूएलचा आणि पीएल/एसक्यूएलचा वेळ वेगवेगळा दाखवतो. आमच्याकडं बहुतेक वेळ एसक्यूएलनंच खाल्ला होता. इलाज साधा निघाला: दर आणि कपात जॉइन करून एकाच क्वेरीत आणली, बल्क कलेक्टनं गठ्ठ्यानं वाचलं आणि फॉरऑलनं गठ्ठ्यानं अपडेट केलं. एक बारकावा सांगतो. १०जी पासून ऑप्टिमायझर पातळी (कंपाइल करताना ओरॅकल कोड किती सुधारतं ती) २ असेल तर साधा कर्सर फॉर-लूपही, म्हणजे क्वेरीच्या ओळी एकेक करून फिरवणारा लूपही, आतून १०० ओळी एकदम आणतो. त्यामुळं वाचण्याची बाजू बऱ्याचदा आपोआप सावरलेली असते. लूपच्या पोटातला अपडेट मात्र एकेकच जातो, आणि लोक नेमके तिकडं बघत नाहीत.

पॅरामीटर बदलला म्हणजे कोड बदलला, असं समजणं

ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा सविस्तर. पीएलएसक्यूएल_कोड_टाइप हा पॅरामीटर, म्हणजे ओरॅकलची सेटिंग, मुळात इंटरप्रिटेड असतो. तो सिस्टिम पातळीवर नेटिव्ह केला तरी आधी कंपाइल झालेल्या प्रोसिजरला त्याची खबरही नसते. ती पुन्हा कंपाइल करावीच लागते. कोण कशात आहे ते यूझर_पीएलएसक्यूएल_ऑब्जेक्ट_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये (टेबलासारख्या यादीत) दिसतं. प्रोसिजरांचा एकत्र गठ्ठा म्हणजे पॅकेज. त्याच्या व्ह्यूमध्ये पॅकेज (म्हणजे स्पेक, नुसती घोषणा) आणि पॅकेज बॉडी अशा दोन वेगळ्या ओळी असतात. चालणारा कोड बॉडीत असतो, तेव्हा बॉडीची ओळ बघा. स्पेक नेटिव्ह करून सहसा काही हाती लागत नाही.

याची उलटी बाजू जास्त छळते. ओरॅकल एखादं अवैध झालेलं युनिट आपणहून कंपाइल करतं, तेव्हा जुनी सेटिंग जपतं. पण डेव्हलपरनं स्वतःच्या सेशनमधून (डेटाबेसशी केलेल्या जोडणीतून) क्रिएट ऑर रिप्लेस चालवलं, की त्या सेशनची सेटिंग लागते. सोमवारी तुम्ही नेटिव्ह करता, गुरुवारी कुणीतरी कपातीची एक ओळ दुरुस्त करतो, आणि पॅकेज गुपचूप इंटरप्रिटेड होऊन बसतं. एरर नाही, काही नाही. ऑल्टर करून कंपाइल करताना शेवटी 'रीयूझ सेटिंग्ज' लावायची सवय ठेवा, रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये सुरुवातीलाच सेटिंग नेटिव्ह करणारं ऑल्टर सेशन टाका, आणि रिलीज झाल्यावर तो व्ह्यू एकदा उघडून बघा.

डीबगचं बटण

नेटिव्ह करूनही व्ह्यू इंटरप्रिटेडच दाखवतोय? मग पीएलएसक्यूएल_ऑप्टिमाइझ_लेव्हल, म्हणजे मघाची ऑप्टिमायझर पातळी, बघा. ती २ पेक्षा कमी असेल तर ओरॅकल नेटिव्ह कोड बनवतच नाही, तुम्ही कितीही सांगा. टूलमधलं 'कंपाइल फॉर डीबग' (चुका शोधण्यासाठी कंपाइल) दाबलं की हेच होऊन बसतं. ओरॅकल याचा इशारा देतं, पीएलडब्ल्यू-०६०१४, पण मुळात सगळे इशारे बंद असतात, त्यामुळं तो कुणाला दिसत नाही. टेस्टवर डीबगसाठी इंटरप्रिटेड राहू द्या, तिथं तेच बरोबर आहे. लाइव्हवर तसा कोड चढणार नाही एवढं बघा.

वेगाच्या नादात चुकीचा डेटाटाइप

नंबर या डेटाटाइपचं (आकडा साठवायच्या प्रकाराचं) गणित ओरॅकलच्या स्वतःच्या पद्धतीनं होतं, त्यामुळं नेटिव्हचा फायदा तिथं बेताचाच. ११जी मध्ये सिंपल_इंटीजर आला. नेटिव्हमध्ये त्याची बेरीज-वजाबाकी थेट हार्डवेअर करतं, म्हणून तो खरोखर पळतो. वाचून एका उत्साही पोरानं ऊसबिलाची एकूण रक्कम पैशांत धरून सिंपल_इंटीजरमध्ये टाकली. त्याची वरची मर्यादा २१४७४८३६४७. पैशांचे रुपये केले तर दोन कोटी चौदा लाखांच्या थोडं वर. कारखान्याच्या पंधरवड्याला ही रक्कम म्हणजे काहीच नाही! आणि हा प्रकार मर्यादा ओलांडली तरी ओरडत नाही, सरळ उणे आकड्यावर जाऊन पुन्हा चढायला लागतो. त्याच्या जागी पीएलएस_इंटीजर असता तर ओआरए-०१४२६ देऊन प्रोग्राम निदान थांबला तरी असता. टेस्टवरच उणे बेरीज दिसली म्हणून वाचलो. सिंपल_इंटीजर मोजणीच्या काउंटरला वापरा. पैसा नंबरमध्येच ठेवा.

भर दुपारी कंपाइल

काट्यावरच्या सेशनमध्ये पॅकेजचे व्हेरिएबल भरलेले असतात. अशा वेळी तुम्ही ते पॅकेज पुन्हा कंपाइल केलं, की त्या सेशनची पुढची हाक ओआरए-०४०६८ घेऊन आदळते, कारण पॅकेजची जुनी अवस्था टाकून दिलेली असते. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि आत काटेवाला फोनवर तुमच्या नावानं शिमगा करतोय. रिकाम्या वेळी करा, किंवा सेशन नव्यानं जोडायला सांगून करा.

सगळा डेटाबेस एकदम नेटिव्ह करण्याची डीबीएमएसयूपीजीएनव्ही ही स्क्रिप्ट ओरॅकलच देतं, पण त्यासाठी डेटाबेस अपग्रेड मोडमध्ये उघडावा लागतो. हंगामात त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. एका पॅकेजनं सुरुवात करा. आमच्याकडं शेवटी दर ठरवणारं आकडेमोडीचं एकच पॅकेज नेटिव्ह राहिलं.

जुन्या नोंदी वाचून सर्व्हरवर सी कंपायलर शोधत बसू नका. ९आय मध्ये पीएल/एसक्यूएलचं आधी सी भाषेत रूपांतर व्हायचं आणि १०जी पर्यंत सी कंपायलर लागायचाच. ११जी पासून ती भानगडच संपली. नेटिव्ह कोड डेटाबेसमध्येच राहतो. आणि पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर असाल तर हा खटकाच शोधू नका, तिथली पीएल/पीजीएसक्यूएल भाषा इंटरप्रिटेडच चालते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसमध्ये २०१४ पासून नेटिव्ह प्रोसिजर आहेत, पण त्या मेमरी-ऑप्टिमाइझ्ड (मेमरीत ठेवलेल्या) टेबलांवरच चालतात, म्हणजे आधी टेबलं बदलावी लागतात.