नाटक की नोकरी : निर्णयापूर्वी करावयाची तयारी

पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांमध्ये दरवर्षी शेकडो मुलेमुली रंगमंचावर उभी राहतात, आणि त्यांपैकी अनेकांच्या हातात त्याच वर्षी कॅम्पस मुलाखतीतून मिळालेले नोकरीचे पत्रही असते. मी गेली अनेक वर्षे अशा मुलांच्या तालमी घेत आलो आहे आणि हा पेच त्यांच्या घरांतही जवळून पाहिला आहे. तो सोडवताना उपयोगी पडलेल्या गोष्टी येथे नोंदवत आहे.

निर्णय टाळ्यांच्या आधारे घेऊ नये, कारण स्पर्धेतला तो एक तास वर्षातून एकदाच येतो. आपल्याला भूमिका नाही अशा एखाद्या नाटकाच्या बॅकस्टेजला एक संपूर्ण हंगाम काम करून पाहावे. नेपथ्य टेम्पोतून उतरवणे, तोच प्रवेश तिसाव्यांदा पुस्तक धरून ऐकणे, प्रयोगानंतर मध्यरात्री सामान मोजून भरणे आणि पहाटे बसमध्ये अवघडून झोपणे, हे या व्यवसायाचे रोजचे रूप आहे. ते करूनही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय आपसूक तालमीच्या दिशेने वळत असतील, तर आपली ओढ खरी आहे असे समजण्यास हरकत नाही.

त्यानंतर पैशांचा हिशेब एका वहीत मांडावा. व्यावसायिक नाटकात नटाला प्रत्येक प्रयोगामागे ‘नाइट’, म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते. प्रयोग रद्द झाला की ती बुडते आणि पावसाळ्यात किंवा परीक्षांच्या दिवसांत प्रयोग कमी होतात. प्रायोगिक नाटकात बहुधा आपल्याच खिशाला चाट बसते. मालिकेत दिवसावर मानधन ठरते, परंतु बारा तासांच्या शिफ्ट करूनही ते पैसे हाती येण्यास बऱ्याचदा नव्वद दिवस लागतात. म्हणून ‘किती मिळेल’ या प्रश्नापेक्षा ‘काहीच न येता किती महिने निभावेल’ हा प्रश्न आधी सोडवावा. समजा, मुंबईत भागीदारीतली खोली, खानावळ, लोकलचा पास आणि फोन मिळून महिन्याला २५,००० रुपये लागतात, तर नऊ महिन्यांसाठी २,२५,००० रुपये बाजूला हवेत. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू असेल तर तो यात मिळवावा, आणि घरचे पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असतील तर आधी नोकरीच धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र नोकरी धरायची तर कोणती, याचा विचार फारच थोडे जण करतात, आणि माझ्या अनुभवात खरे नुकसान येथेच होते. आमच्या गटातला एक अतिशय गुणी मुलगा हिंजवडीत नोकरीला होता. तालीम सातला सुरू होई. तो साडेआठला गळ्यात कंपनीचे ओळखपत्र तसेच ठेवून धापा टाकत दारात उभा राही, आणि तोपर्यंत पहिला अंक संपून त्याच्या जागी कोणीतरी वही हातात धरून संवाद वाचलेले असत. दोन महिन्यांनी त्याने स्वतःच भूमिका सोडली. त्याचा पगार उत्तम होता, पण त्या नोकरीने त्याच्या संध्याकाळी घेतल्या होत्या. म्हणून नोकरी निवडताना पगाराच्या शेजारी सुटण्याची वेळ, तालमीच्या जागेपर्यंतचे अंतर आणि शनिवार-रविवारची मोकळीक या तीन गोष्टी लिहाव्यात, आणि पगार थोडा कमी असला तरी संध्याकाळ शिल्लक ठेवणारी नोकरी घ्यावी. नेमणूकपत्रात अन्य मानधनाच्या कामास मनाई आहे का, हेही वाचावे. सरकारी नोकरीत तर अशा कामासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

मराठी रंगभूमीवर नोकरी-व्यवसाय सांभाळून नाटक केल्याची मोठी उदाहरणे आहेत. डॉ. श्रीराम लागू यांनी पुण्यात आणि टांझानियात नाक-कान-घशाचे शल्यविशारद म्हणून काम केले आणि चाळिशी उलटल्यावर, १९६९ मध्ये, ते पूर्णवेळ नट झाले. त्याआधीही ते नाटक करीतच होते. डॉ. मोहन आगाशे यांनी मनोविकारशास्त्राचे अध्यापन आणि अभिनय दोन्ही सांभाळले. सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करीत असताना नाटके लिहीत होते आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. या तिघांच्या वाटा वेगळ्या असल्या तरी नोकरी-व्यवसायाच्या काळात कोणीही नाटक सोडून दिले नव्हते, ही गोष्ट मला त्यांच्या यशाइतकीच महत्त्वाची वाटते.

शिक्षण अर्धवट सोडण्याचा विचार मनात असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते, हे लक्षात ठेवावे.

आईवडिलांशी बोलताना ही वही समोर ठेवावी. ‘मला नाटकच करायचे आहे’ या वाक्याने घरात वाद पेटतो; ‘पुढच्या दिवाळीपर्यंत इतके पैसे साठवीन, त्यानंतर दीड वर्ष प्रयत्न करीन आणि अमुक तारखेला आपण पुन्हा बसू’ असे म्हटले की आईसुद्धा आकडे तपासू लागते. ती तारीख कॅलेंडरवर सर्वांसमक्ष लिहावी. त्या दिवशी मिळालेल्या नाइटा, दिलेल्या ऑडिशन आणि उरलेली शिल्लक यांचा हिशेब मांडावा.

राजीनामा देण्यापूर्वी स्वतःच्या नावाने आरोग्य विमा घ्यावा, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो. सलग सेवेची पाच वर्षे पूर्ण होण्यास दोन-चार महिनेच उरले असतील तर तेवढे थांबावे. तेवढ्या सेवेनंतर नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी ग्रॅच्युइटीची रक्कम मुंबईतल्या खोलीच्या अनामत रकमेला उपयोगी पडते.