डार्ट फ्रॉगचं घर: बेडूक सगळ्यात शेवटी आणा

आमच्याकडे न्यू जर्सीत दोन टिंक्टोरियस जातीचे डार्ट फ्रॉग, म्हणजे छोटे रंगीत बेडूक आहेत, निळे-काळे-पिवळे, अंगठ्याएवढे. घरी कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, विषारी ना रे हे? नाही हो. जंगलात मुंग्या नि माइट्स (कोळ्याच्या कुळातले बारीक जीव) खाऊन त्यांच्यात विष येतं, घरी पैदास झालेल्यांना ते खाणंच मिळत नाही. म्हणून घ्यायचे तर घरी पैदास झालेलेच.

जोडीला 18 इंच लांब-रुंद-उंच, पुढून दार उघडणारी काचपेटी पुरते. वरची जाळी काचेने झाका, नाहीतर ओल टिकत नाही. तळाला दोन इंच भाजक्या मातीचे गोळे, त्यावर बारीक जाळी, मग माती. पहिल्या वेळी मी तो गोळ्यांचा थर टाळला, म्हटलं कुंडीला कुठे एवढं करतो आपण, आणि तीन आठवड्यांत आत चिखल, दार उघडलं की गटाराचा वास, सगळं उपसून परत केलं. मातीही खतवाली नको, ऑर्किडची साल, कोळसा, स्फॅग्नम मॉस, ट्री फर्नचा भुसा असं भुसभुशीत मिश्रण हवं. वर वाळक्या पानांचा जाड थर, यात कंजूषी नको, बेडूक त्यातच लपतात. झाडांत मनी प्लांट लावा, तो मरत नाही.

आता स्प्रिंगटेल्स सोडा. ठिपक्याएवढे पांढरे किडे, बुरशी खातात. डब्यात ओल्या कोळशावर वाढवायचे, वर तांदळाचे चार दाणे, दाण्यांवर बुरशीची लव आली की सगळे तिथे पंगतीला. (आंबेमोहोर लागत नाही, साधा चालतो.) पेटीत ते सोडले की महिनाभर थांबा, बेडूक त्यानंतर.

तापमान 21 ते 26 अंश. थंडीपेक्षा उकाडा वाईट, 29 च्या वर गेलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून हीट लॅम्प नको आणि उन्हाळ्यात एसी लावा. आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास, फवाऱ्याला क्लोरीन काढलेलं पाणी.

खायला न उडणाऱ्या फळमाश्या. डबीत कॅल्शियमची पावडर टाकून माश्या हलवायच्या, रव्यात घोळवलेल्या कोळंबीसारख्या दिसतात, आणि लगेच पेटीत. दोनचार निसटतातच, आमच्याकडे सकाळच्या चहात सापडतात.