जेम५ची स्टॅट्स फाइल ते ग्राफ: मदतनीस स्क्रिप्ट कशा लिहाव्यात

जेम५ हा प्रोसेसर आणि मेमरीचे मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये चालवून पाहणारा सिम्युलेटर प्रत्येक रनचे आकडे 'स्टॅट्स डॉट टीएक्सटी' या साध्या फाइलमध्ये लिहितो. आउटडिर पर्याय दिला नाही तर ती 'एम५आउट' फोल्डरात जाते आणि पुढचा रन तिच्यावरच लिहितो. म्हणून प्रत्येक रनला वेगळे फोल्डर द्या: बाहेर कॉन्फिगरेशन, आत बेंचमार्क. कॅशचा (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा) आकार वगैरे तपशील फोल्डरच्या नावात कोंबू नका. ते त्याच फोल्डरातल्या 'कॉन्फिग डॉट आयएनआय'मधून वाचा, कारण प्रत्यक्षात काय चालले ते तिथेच कळते (आकार बाइटमध्ये असतो, ६४ केबी म्हणजे ६५५३६). जेम५च्या जुन्या 'एसई डॉट पीवाय' या तयार स्क्रिप्टला एल२चा (दुसऱ्या पातळीच्या कॅशचा) आकार दिला, पण एल२ चालू करण्याचा पर्याय राहिला, तर एरर येत नाही. एल२ बसतच नाही. मग २५६ केबीपासून २ एमबीपर्यंत सगळे बार एकाच उंचीचे दिसतात.

स्क्रिप्ट दोन ठेवा. पहिली आकडे गोळा करून सीएसव्ही बनवेल, दुसरी फक्त ती सीएसव्ही वाचून ग्राफ काढेल. सीएसव्हीत कच्चे आकडेच ठेवा: बेंचमार्क, कॉन्फिगरेशन, ब्लॉक क्रमांक, काउंटरचे नाव, किंमत. बेसलाइनशी (तुलनेच्या मूळ कॉन्फिगरेशनशी) भागाकार ग्राफच्या स्क्रिप्टमध्येच करा, म्हणजे बेसलाइन बदलली तरी शेकडो फाइली पुन्हा चाळाव्या लागत नाहीत.

सर्वात जास्त घोळ ब्लॉकमुळे होतो. प्रत्येक डंपला (तोवरचे आकडे फाइलमध्ये लिहिण्याला) 'बिगिन सिम्युलेशन स्टॅटिस्टिक्स' आणि 'एंड सिम्युलेशन स्टॅटिस्टिक्स' या ओळींमध्ये एक नवा ब्लॉक जोडला जातो. मोजायच्या भागाच्या सुरुवातीला रिसेट आणि शेवटी डंप केले, तर पहिला ब्लॉक तुमच्या कामाचा. सिम्युलेशन संपताना मात्र आणखी एक ब्लॉक आपोआप लिहिला जातो. नुसत्या डंपने काउंटर शून्य होत नाहीत, त्यामुळे त्यात मोजायचा भाग आणि नंतरची आवराआवर दोन्ही मिसळलेले असतात. पूर्ण फाइल एकाच डिक्शनरीत वाचणारी स्क्रिप्ट नेमके हेच शेवटचे आकडे उचलते. ब्लॉक क्रमांक म्हणूनच हवा. 'एंड'ची ओळ नसलेला ब्लॉक टाकून द्या. फाइल ० बाइटची असेल तर रन मध्येच मेला आहे किंवा अजून संपलेला नाही. त्याचे नाव वेगळ्या यादीत लिहा, गुपचूप वगळू नका.

ओळ वाचताना '#' पासून पुढचे कापा, मोकळ्या जागेवर तुकडे करा. पहिला तुकडा नाव, दुसरा किंमत. डिस्ट्रिब्यूशनच्या ओळींत पुढे टक्केवारीचे रकाने असतात, ते सोडा. रूबीच्या (जेम५च्या तपशीलवार कॅश-मेमरी मॉडेलच्या) काही ओळींत किंमती '|' ने वेगळ्या केलेल्या असतात, त्यांना वेगळा नियम लागेल. पायथनचा फ्लोट 'नॅन' (संख्या नसलेली किंमत) बिनतक्रार स्वीकारतो, तेव्हा ती तपासणी स्वतः करा.

काउंटर सापडला नाही तर काय? इथे घाईने ० भरणे धोक्याचे आहे आणि रन बाद ठरवणेही. कॅशच्या बऱ्याच काउंटरना 'नोझिरो' फ्लॅग असतो: किंमत ० असेल तर ओळ छापलीच जात नाही. म्हणजे ओळ नसण्याचे दोन अर्थ होतात, खरेच शून्य किंवा नावच चुकले. निवाडा असा करा: त्याच कॅशच्या एकूण अ‍ॅक्सेसची ओळ आहे आणि मिसची (कॅशमध्ये न सापडलेल्या मागण्यांची) नाही, तर मिस ०. दोन्ही नसतील तर कॉन्फिग फाइलमध्ये त्या कॅशचा विभाग शोधा. विभाग असेल तर बहुधा कॅश वापरलीच गेली नाही. नसेल तर नाव चुकले आहे किंवा ती कॅश बसलेलीच नाही, आणि स्क्रिप्टने तिथेच थांबावे. नावे चुकतात याचे कारण ती आवृत्तीनुसार बदलली आहेत: जुन्या फाइलींत 'सिम_सेकंड्स', नव्यांत 'सिमसेकंड्स', स्टँडर्ड लायब्ररी वापरली तर सुरुवातीचे 'सिस्टम' जाऊन 'बोर्ड' येते. फास्ट-फॉरवर्डनंतर (सुरुवातीचा भाग साध्या, वेगवान सीपीयूवर उरकल्यावर) जुन्या स्क्रिप्टमध्ये खरे आकडे 'स्विच_सीपीयूज'खाली सापडतात. सगळी पर्यायी नावे एकाच तक्त्यात ठेवा.

गोळा केल्यावर एक पडताळणी जरूर लिहा. २ गिगाहर्ट्झला एक सायकल ५०० टिक्सची असते (१ टिक म्हणजे १ पिकोसेकंद), तेव्हा सीपीयू बदललेला नसेल तर 'सिमटिक्स' भागिले ५०० हे 'नमसायकल्स'च्या अगदी जवळ आले पाहिजे. इथे 'फायनलटिक' वापरू नका, तो कधीच रिसेट होत नाही. 'होस्टसेकंड्स' हा तुमच्या सर्व्हरला लागलेला वेळ, त्याचा कामगिरीशी संबंध नाही.

एमपीकेआय (दर हजार इन्स्ट्रक्शन्समागे किती मिस) म्हणजे मिस गुणिले १००० भागिले इन्स्ट्रक्शन्स. स्पीडअपची सरासरी जिओमेट्रिक मीनने काढा. मल्टिथ्रेडेड प्रोग्रामसाठी आयपीसीवर (दर सायकलला किती इन्स्ट्रक्शन्स) विसंबू नका: लॉकची वाट पाहत फिरणारा थ्रेडही इन्स्ट्रक्शन्स चालवतो आणि आयपीसी फुगतो. तिथे लागलेला वेळच मोजा.

सर्व्हरवर स्क्रीन नसते, म्हणून मॅटप्लॉटलिबला 'अ‍ॅग' बॅकएंड सांगा. पेपरसाठी पीडीएफ काढताना फॉन्टटाइप ४२ करा; मुळातला ३ असतो आणि तो अनेक परिषदांच्या तपासणीत नाकारला जातो. बार ० पासूनच सुरू करा, स्पीडअपमध्ये १ वर आडवी रेघ ओढा. लेबले मराठीत हवी असतील तर आधी एक चाचणी ग्राफ काढून बघा: मॅटप्लॉटलिबच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते.