तंबोऱ्यासाठी चोवीस व्होल्टचा व्हॉल्व्ह प्रीअँप

वडील रेडिओ दुरुस्त करायचे. चालू सेटमध्ये एक हात घातला की दुसरा खिशात, कारण आत २५० व्होल्ट. मी मात्र २४ व्होल्टवरच थांबलो. मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या आमच्या शेजाऱ्यांना तंबोरे रेकॉर्ड करून गिऱ्हाइकांना पाठवायचे होते, त्यासाठी माईकचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँप हवा होता, आणि वडिलांच्या डब्यात ईसीसी८२ हा जुना काचेचा व्हॉल्व्ह पडून होता.

या एका काचेत दोन ट्रायोड असतात, म्हणजे सिग्नल वाढवणारे प्लेट, ग्रिड, कॅथोडचे दोन संच. सॉकेट खालून बघितलं की फटीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पिना मोजायच्या. १, २, ३ म्हणजे पहिल्याची प्लेट, ग्रिड, कॅथोड. ६, ७, ८ दुसऱ्याची. ४ आणि ५ मध्ये फिलॅमेंट, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी तार, १२.६ व्होल्ट, १५० मिलिअँपियर. ९ हा फिलॅमेंटचा मध्यबिंदू. तो मोकळा ठेवा. मी तो उगाच ग्राउंडला जोडला. अर्ध्या फिलॅमेंटवर सगळे व्होल्ट आले, ते ढणढण पेटलं आणि व्हॉल्व्ह गेला.

२४ व्होल्टचा तयार अ‍ॅडॉप्टर घ्या, तो डब्याबाहेरच राहू दे. फिलॅमेंटसाठी ७८१२ हा बारा व्होल्टचा रेग्युलेटर बसवा. बारा व्होल्ट चालतात, सहा दशांशासाठी जीव काढू नका. पण त्यावर जवळजवळ दोन वॉट उष्णता होते, हीटसिंक हवाच. प्लेटकडे जाणाऱ्या २४ व्होल्टच्या वाटेत १ किलोओहम आणि मागे १००० मायक्रोफॅरड टाकले की अ‍ॅडॉप्टरची शिट्टी जाते.

दोन्ही कॅथोड थेट ग्राउंडला. प्रत्येक ग्रिडपासून ग्राउंडला १ मेगओहम, प्रत्येक प्लेटला १०० किलोओहम. इतक्या कमी व्होल्टला ग्रिड स्वतःच किंचित ऋण होतो, त्यासाठी वेगळं ऋण व्होल्टेज (बायस) लागत नाही. माईकचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडमधून पहिल्या ग्रिडला. पहिल्या प्लेटपासून ०.१ मधूनच ५०० किलोओहमच्या लॉग व्हॉल्यूमला, त्याच्या मधल्या पायापासून आणखी एका ०.१ मधून दुसऱ्या ग्रिडला. दुसऱ्या प्लेटपासून १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, तेच आउटपुट. त्यापुढे ग्राउंडला १०० किलोओहम.

आता मीटर लावा. अर्धा मिनिट तापू द्या, मग दोन्ही प्लेटवर १० ते १५ व्होल्ट दिसायला हवेत. माझ्या दुसऱ्या प्लेटवर ७ च होते, म्हणजे करंट जास्त. १०० किलोओहमच्या जागी ४७ टाकला आणि ती १० च्या वर आली. जुन्या व्हॉल्व्हची तब्येत वेगवेगळी असते. छापलेल्या आकड्यापेक्षा मीटरचं ऐका.

प्रत्येक पायरीला साधारण दहापट वाढ मिळते, दोन्ही मिळून शंभरपट. तोंडाजवळच्या डायनॅमिक माईकला बरी, तंबोऱ्याला तोकडी. म्हणून आधी १:१० चा माईक ट्रान्सफॉर्मर. एक्सएलआर, म्हणजे माईकच्या तीन पिनांच्या सॉकेटच्या २ आणि ३ पिना प्रायमरीला, १ डब्याच्या पत्र्याला. सेकंडरीचं एक टोक ग्राउंडला, दुसरं पहिल्या कपॅसिटरला. ट्रान्सफॉर्मर अ‍ॅडॉप्टरपासून हातभर दूर. कंडेन्सर माईक इथं लावू नका, त्याला लागणारे ४८ व्होल्ट यात नाहीत.

आउटपुटची वायर मीटरभरच ठेवा आणि पुढचं इनपुट ५० किलोओहमच्या वरचं असू दे. कमी असेल तर आवाज दबतो. शुद्धतावादी रागावतील, पण शेवटी एक जेफेट फॉलोअर, म्हणजे आउटपुटला जोर देणारा ट्रान्झिस्टर, लावला तर ही कटकट संपते. मी लावलाय.

शेवटचा त्रास काचेचा. डब्याला टिचकी मारली की रेकॉर्डिंगमध्ये टणत्कार. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापून सॉकेट त्यांच्यावर बसवलं, बराच कमी झाला. शेजारी जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जमवताना, पायानं ताल धरतात. तेव्हा डबा त्यांच्या पाटापासून लांब, भिंतीतल्या फळीवर ठेवतो.