ओले ताट आणि भरिताची मांडणी

जळगावात भरीत-पुरी आणि शेवभाजीचे छोटे दुकान सुरू केले, तेव्हा माझे सारे लक्ष चवीकडे होते. पहिल्याच हिवाळ्यात एका वयस्कर गिऱ्हाइकाने समोर ठेवलेल्या रिकाम्या ताटाचा वास घेतला, खिशातून रुमाल काढून ते पुसले आणि मगच भरीत वाढून घेतले. ते काहीच बोलले नाहीत. मला मात्र त्या रात्री जेवण गेले नाही. ताटे घासलेली होती, परंतु ओली असतानाच एकावर एक रचल्यामुळे त्यांना कुबट वास धरला होता आणि घाईच्या वेळी टेबल पुसण्याचेच फडके ताटांवरूनही फिरत होते.

दुसऱ्या दिवशी ताटे उभी निथळतील अशी जाळी आणली. टेबलाचे, भांड्यांचे आणि हाताचे फडके वेगवेगळ्या रंगांचे केले आणि तिन्ही रोज उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवू लागलो. या धंद्यात नव्याने येणाऱ्याने सजावटीच्या दिव्यांआधी हा खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

भरिताच्या बाबतीत स्वच्छतेची कसोटी अधिक कठीण असते. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांची साल पाण्यात बुडवून काढली तर राख पटकन जाते, पण धुराचा स्वादही वाहून जातो. म्हणून साल कोरडीच सोलावी आणि शेजारी ठेवलेल्या पाण्यात केवळ बोटे धुवावीत. भरीत ठेचण्याच्या लाकडी भांड्याच्या भेगांत गर अडकून आंबतो, त्यामुळे ते गरम पाण्याने घासून कडक उन्हात वाळवावे लागते. कांद्याची पात कच्चीच वाढली जात असल्याने तिच्या बुडख्यातील माती जाईपर्यंत पाणी बदलावे.

मांडणीविषयी मला थोडेच सांगायचे आहे. शेवभाजीत शेव आधीच घातली की ती फुगून लगदा होते. रस्सा उकळता असावा, शेव वाढतेवेळी घालावी आणि वाटीच्या कडेवर सांडलेली तर्री कोरड्या फडक्याने टिपून मगच वाटी बाहेर पाठवावी. घरी न्यायच्या पुऱ्या वर्तमानपत्रात बांधू नयेत. शाईतील रसायने तेलात उतरतात आणि 2018 च्या पॅकेजिंग नियमांनुसारही ते चालत नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार लहान गाडीलाही नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक मी गल्ल्यामागे न ठेवता गिऱ्हाइकाला बसल्या जागेवरून वाचता येईल असा लावला. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, तेव्हा गरम पदार्थ 60 अंशांच्या वर आणि दही 5 अंशांच्या खाली ठेवणे हेच दिवसाचे मुख्य काम होऊन बसते. वीज गेली की आम्ही दह्याचे भांडे बर्फात ठेवतो आणि बर्फ संपला तर त्या दिवशी दही वाढत नाही, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो.