सोनोग्राफीवर बाळाचं वजन काढताना

‘बाळ किती किलोचं झालं?’ कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो की राजारामपुरीतलं खासगी सेंटर, नातेवाइकांचा पहिला प्रश्न हाच असतो. मशीन चार मापं सूत्रात घालून ग्रॅम सांगतं: बीपीडी (डोक्याची रुंदी), एचसी (डोक्याचा घेर), एसी (पोटाचा घेर) आणि एफएल (मांडीच्या हाडाची लांबी). हॅडलॉकचं १९८५चं सूत्र सर्रास वापरात आहे. त्यात सगळ्यात जास्त भार पोटाच्या घेरावर, म्हणजे एसीवर. नव्या हातांकडून चुकतंही तेच.

आधी फॉर्म एफ, म्हणजे गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायद्याचा फॉर्म, भरा. मग पेशंटला डावीकडे थोडं कलतं झोपवा. शेवटच्या महिन्यांत सरळ पाठीवर झोपवलं की काहींना गरगरतं.

डोक्याच्या छेदात, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या कापात, थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातला भाग) आणि कॅव्हम (मधल्या रेषेतली पाण्याची पोकळी) दिसायला हवेत. सेरेबेलम (लहान मेंदू) आलं तर छेद मागे कललाय. बीपीडी कवटीच्या प्रोबजवळच्या हाडाच्या बाहेरच्या कडेपासून लांबच्या हाडाच्या आतल्या कडेपर्यंत घ्या. पायाळू बाळाचं डोकं बरेचदा लांबट असतं, बीपीडी कमी भरतो. तिथे एचसीवर विसंबा.

पोटाच्या मापाला मात्र वेळ द्यायला कंटाळू नका. छेद जवळपास गोल हवा. त्यात जठराचा काळा बुडबुडा, यकृतात वळणारी नाळेची शीर आणि दोन्ही बाजूंना एकेकच बरगडी हवी. मूत्रपिंड दिसलं तर खूप खाली आलात, हृदय दिसलं तर वर गेलात. शीर पोटाच्या भिंतीपर्यंत लांबलचक दिसली, तर छेद तिरका आहे आणि माप फुगणार. प्रोब दाबू नका, पोट चपटं होतं. कॅलिपर (पडद्यावरची मोजायची खूण) बरगडीवर न ठेवता कातडीच्या बाहेरच्या कडेवर ठेवा. बाळ श्वासाच्या हालचाली करत असेल तर थांबा. तीन वेळा मोजून सरासरी घ्या.

मांडीचं हाड आडवं, दोन्ही टोकं स्पष्ट. टोकाचं कूर्चेचं डोकं मोजायचं नाही.

गर्भजल कमी, आई स्थूल किंवा बाळाचं डोकं खाली कटिभागात बसलेलं असेल तर चूक वाढते. ४ किलोच्या पुढच्या बाळातही वाढते. एरवीही १० ते १५ टक्के फरक पडतो. म्हणून ३००० ग्रॅमचं बाळ प्रत्यक्षात २५५० ते ३४५० मध्ये कुठेही असू शकतं, आणि रिपोर्टवर ‘अंदाजे’ लिहायला विसरू नका. वाढ पाहायची तर गर्भाच्या वयाच्या तारखा पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीच्याच धरा, आजच्या मापांवरून बदलू नका. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी; दोनपेक्षा कमी अंतर ठेवलं तर मोजण्याची चूकच वाढ म्हणून दिसते.