तारकामाची साखरपुड्याची अंगठी घडवून घेताना

तारकामाची, म्हणजे बारीक तारांच्या जाळीदार नक्षीची (फिलिग्रीची), अंगठी घडवून घ्यायचे ठरले की बहुतेक जण आधी नक्षी शोधू लागतात: वेल, पान, शंखासारखी वळणे. माझ्या मते विचाराची सुरुवात तारांमधल्या मोकळ्या जागेपासून करावी, कारण ही जागा कुठे आणि किती रुंद ठेवली यावर अंगठी कशी दिसेल, किती वर्षे टिकेल आणि कितपत स्वच्छ राहील हे सारे अवलंबून असते. हे पटण्यासाठी काम कसे होते ते एकदा जवळून पाहायला हवे.

हाताच्या तारकामात सोन्याची किंवा चांदीची तार भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढत ओढत केसासारखी बारीक केली जाते. अशा दोन तारांना एकत्र पीळ देऊन तो पीळ रुळांमधून चपटा केला की तारेच्या कडेला बारीक दातेरी रेघ उमटते, आणि तारकामाची ती खास लकाकी या दातेऱ्यांमधूनच येते. त्यानंतर जरा जाड तारेची चौकट करून तिच्यात या चपट्या तारेची वळणे चिमट्याने एकेक करून बसवतात. या टप्प्यावर ती केवळ एकमेकांच्या दाबाने जागेवर उभी असतात. मग डाख नीट वाहावी म्हणून टाकणखार लावून वरून डाखेची, म्हणजे जोडणीसाठी वापरायच्या मिश्रधातूची, पूड भुरभुरतात आणि खालून-वरून आच फिरवतात. धातू लालसर होतो, डाख वितळून पाण्यासारखी चमकत सांध्यांमध्ये धावते, आणि त्याच क्षणी आच बाजूला घ्यावी लागते. थोडा उशीर झाला तरी बारीक तारा वितळून त्यांचा गोळा होतो. वळणे फार दाटीने बसवली असतील तर आच अचूक देऊनही डाख सांध्यांपुरती न थांबता मधली फट भरून टाकते, आणि जिथे जाळी हवी होती तिथे पत्रा तयार होतो. म्हणूनच आराखड्यात मोकळी जागा मोजून ठेवावी लागते.

कागदावर मोठ्या आकारात काढलेले चित्र याबाबतीत हमखास फसवते. उदाहरणार्थ, ६.५ मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा घ्या. चांगल्या प्रमाणात पैलू पाडलेला असा हिरा साधारण १ कॅरेटचा, म्हणजे ०.२ ग्रॅमचा असतो. त्याच्या कंगोऱ्याखालचा, म्हणजे सर्वांत रुंद कडेखालचा, निमुळता भाग सुमारे २.८ मिलिमीटर खोल असतो. खड्याचे टोक बोटाला टेकू नये एवढी उंची धरली, तर कोंदणाच्या बाजूला जेमतेम ३ मिलिमीटर उंचीची भिंत मिळते. वर आणि खाली प्रत्येकी ०.७ मिलिमीटरची चौकट वजा केली की नक्षीसाठी उरते १.६ मिलिमीटर. एवढ्या जागेत वळणांची एकच रांग शोभते. चित्रात तीन रांगा देखण्या दिसत असल्या, तरी अंगठीत त्यांचा चिखल होतो. त्यामुळे आराखडा मोठा काढायला हरकत नाही, पण निर्णय घेण्यापूर्वी तो प्रत्यक्ष मापात छापावा, कापून बोटावर ठेवावा आणि हातभर अंतरावरून पाहावा. त्या अंतरावरून न दिसणारी वळणे खुशाल काढून टाकावीत.

नक्षी कुठे ठेवावी, हा पुढचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. अंगठीचा तळहाताकडचा भाग दिवसभर दारांच्या मुठी, पिशव्या आणि भांडी यांच्यावर घासला जातो, त्यामुळे तिथे जाळी ठेवणे म्हणजे ती झिजवण्यासाठीच करणे होय. वळ्याचा, म्हणजे बोटाभोवतीच्या कडीचा, खालचा निम्मा भाग भरीव आणि साधा ठेवावा. त्याची जाडी दीड मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. याचा आणखी एक फायदा असा, की पुढे बोटाचे माप बदलले तर सोनार याच भागात कापून वळे लहान-मोठे करू शकतो. सगळीकडे जाळी असलेली अंगठी कापली की नक्षीची साखळी तुटते, आणि तुटलेली जागा पूर्वीसारखी जुळवणे जवळजवळ अशक्य असते. तारकामाच्या खऱ्या जागा दोन: खड्याच्या खालची बाजूची भिंत आणि खड्याच्या दोन्ही अंगांचे खांदे. दोन्ही ठिकाणी जाळीच्या कडेने भरीव पट्टी असावी आणि जाळी तिच्यापेक्षा किंचित आत बसावी, म्हणजे धक्का पट्टी सोसते आणि तारेचे टोक लोकरीत किंवा केसांत अडकत नाही. मला स्वतःला बाजूच्या भिंतीतली नक्षी अधिक आवडते, कारण समोरून अंगठी शांत दिसते आणि हात वळला की आतली वेल उलगडते.

धातूची निवड नक्षीइतकीच विचारपूर्वक करावी. २२ कॅरेट सोन्यात ९१.६ टक्के शुद्ध सोने असते. त्याची तार सहज वळते, पण रोज वापरायच्या अंगठीत ती तितक्याच सहज दबते. १८ कॅरेटमध्ये सोने ७५ टक्के असून उरलेल्या धातूंमुळे तारेला ताठपणा येतो, म्हणून रोजच्या वापरासाठी मी तेच सुचवेन. पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो आणि तो काही काळाने पुन्हा द्यावा लागतो. जाळीच्या आतल्या कडांतला मळ पूर्ण काढल्याशिवाय तो नीट बसत नाही. प्लॅटिनम टिकाऊ खरे, पण ते १,७६८ अंश सेल्सिअसला वितळते, सोने १,०६४ अंशांना. त्यामुळे प्लॅटिनमचे तारकाम करणारा कारागीर वेगळ्या साधनांचा आणि वेगळ्या सरावाचा असावा लागतो. चांदी तारकामाला उत्तम असली तरी मऊ आहे. ती नमुन्यासाठी वापरावी.

खडा निवडताना कठीणपणा पाहावा. मोह्सच्या मापपट्टीवर हिरा १०, माणिक आणि नीलम ९, पाचू साडेसात ते ८ आणि मोती साधारण अडीच. पाचूत बहुधा नैसर्गिक चिरा असतात, त्यामुळे तो बसवताना आणि साफ करताना जपावे लागते. नाजूक जाळीबरोबर खड्याभोवती पूर्ण कडे असलेले कोंदण सर्वांत सुरक्षित असते. नख्यांचे कोंदण हवे असेल तर नख्या भरीव चौकटीतून वर आलेल्या असाव्यात, जाळीतून मुळीच नाही.

बोटाचे माप एकदा घेऊन भागत नाही. थंडीत आणि सकाळी बोट बारीक असते, उष्णतेत आणि संध्याकाळी फुगते, म्हणून दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी माप घ्यावे आणि अंगठी पेरावरून उतरते का तेही पाहावे. आतला परीघ ५४ मिलिमीटर असेल तर त्याला ३.१४ ने भागून व्यास साधारण १७.२ मिलिमीटर येतो. रुंद वळे त्याच मापात अधिक घट्ट बसते, म्हणून मापासाठीची चाचणी-कडीही तेवढ्याच रुंदीची घालून पाहावी.

काम कोणत्या पद्धतीने होणार हे कारागिराला पहिल्याच भेटीत विचारावे. आज पुष्कळशी ‘फिलिग्री’ संगणकावर आखून, मेणाचा नमुना छापून ओतकामाने केली जाते. त्यात कमीपणा काही नाही; उलट अशी जाळी एकसंध आणि मजबूत असते, आणि दोन अंगठ्या हुबेहूब सारख्या हव्या असतील तर हाच मार्ग योग्य. मात्र हाताच्या तारकामाची घडणावळ देऊन ओतीव काम घेऊ नये. भिंगातून पाहिले तर फरक कळतो: हातकामात प्रत्येक तारेची कड वेगळी दिसते, पिळाचे दाते दिसतात आणि वळणे जिथे टेकतात तिथेच सांधा असतो; ओतीव कामात वळणे एकमेकांत विरघळल्यासारखी दिसतात आणि भोकांच्या आतल्या भिंती गुळगुळीत नसतात.

पद्धत कोणतीही असो, ओतकामासाठी मेणाचा आणि हातकामासाठी चांदीचा नमुना पाहिल्याशिवाय सोन्याला हात लावू देऊ नये. नमुना बोटात घालून मूठ वळावी, हात खिशात घालावा, लोकरी कापडावरून फिरवावा. काही अडकले तर ती जागा त्याच वेळी खुणेने दाखवावी. तयार अंगठी ताब्यात घेताना ती उजेडासमोर धरून प्रत्येक भोक मोकळे आहे का पाहावे, कानाजवळ धरून हलक्या बोटाने टिचकी मारावी. सैल खडा बारीक आवाज करतो. मग धातूचा कस आणि वजन पावतीवर लिहून घ्यावे, आणि प्रत्यक्ष मापाचा आराखडाही सोबत मागून घ्यावा. पुढे कधी एखादे वळण निखळले, तर दुरुस्त करणाऱ्याला तारेची जाडी आणि मूळ वळण त्यावरूनच कळेल.